सुटलेल्या तारेवर दहा मिनिटं

भूत, आत्मा, संकेत... या गोष्टींची मी जन्मभर टिंगल केली आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईला आवाज कुठून येतो हे कोणी शिकवू नये. तारेतून येतो. तार नसेल तर येत नाही. संपलं! तेव्हा मी जे लिहिते आहे ते वाचून ‘म्हातारी भ्रमली’ असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मीही चार वर्षांपूर्वीपर्यंत तेच म्हटलं असतं.

आमचं घर रायपूरला, ब्राह्मणपाऱ्यात. कॉम्प्युटर मधल्या खोलीत, कूलरच्या बाजूला. मे महिना, मंगळवार, सकाळचे पावणेअकरा. मुलगा अभय ऑफिसात, घरी मी एकटी.

माझी थोरली बहीण, कुसुमताई, तिच्या मुलीकडे मेलबर्नला होती. घशाचा कॅन्सर. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, आणि त्यात स्वरयंत्रच काढणार होते. म्हणजे नंतर बोलणं नाही. कधीच नाही. साडेअकराला, आपल्या घड्याळानं, ते लोक दवाखान्यात भरती व्हायला निघणार होते. आवाज इतका बसला होता की फोनवर नुसती खरखर यायची, ओठ दिसले तरच शब्द कळायचे. म्हणून कॉम्प्युटरवर बोलायचं ठरलं होतं.

मला तिला एक गोष्ट सांगायची होती. आणि ती ऐकून तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. तिच्या तोंडानं, तिच्या आवाजात. त्यासाठी माझ्याकडे पाऊण तास होता.

गोष्ट अशी. मी बावीस वर्षांची होते, एक्स्चेंजमध्ये नवी नवी ऑपरेटर. वेणीत गजरा, कानाला हेडफोन, आणि अक्कल? ती बहुतेक दुसऱ्या शिफ्टला यायची. जबलपूरच्या एका मुलाचा ताईला ट्रंक कॉल यायचा, शेजारच्या वकिलांकडे. बोर्डावर मी. ऐकू नये असा नियम होता, म्हणून मी रोज ऐकायची. त्या दिवशी तो फोनवर चाचरत चाचरत लग्नाचं विचारण्यावर आला... आणि त्याच सकाळी ताईनं मला पिकनिकसाठी तिची हिरवी साडी द्यायला नाही म्हटलं होतं. मी त्यांची लाईन जोडणारी कॉर्ड बोर्डातून उपटली. सरळ. त्याला वाटलं तिनं फोन ठेवला, तिला वाटलं त्यानं. दोघंही मानी. परत फोन आला नाही. एका साडीपायी! पिकनिकला तर मी शेवटी पिवळी नेसून गेले, आणि तिच्यात जाम शोभून दिसले, असंही वाटलं होतं त्या बावळट पोरीला.

तर पावणेअकराला मी व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम उघडला. म्हणतो, इंटरनेट नाही. मी अभयला फोन लावला. माझा फोन साधा, बटणांचा.

“आई, घबरा मत. ब्राउजर चल रहा है क्या?”

“कोण?”

“अगं ते, ज्याच्यात तू रेसिपी पाहते.”

“ते मस्त चालून राहिलं. भजनं लागून राहिली. हा कॉलवालाच म्हणते, नेट नाही.”

“मग नेट आहे, याले कोणीतरी अडवलं. फायरवॉल असेल. तुले एक चौकोन आला होता का, या प्रोग्रामले येऊ देऊ का, असं विचारणारा?”

“आला होता काल. मी नाही म्हटलं.”

“काहून?”

“अनोळखी माणसाला घरात घेऊ नको, तूच तर सांगतो.”

त्यानं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला फोनमधून आला. मग त्यानं सेटिंगमध्ये नेलं. तिथं प्रोग्रामांची यादी, प्रत्येकापुढे खूण करायची चौकट. मी खूण करू गेले तर पासवर्ड मागितला. तो अभयलाच आठवेना. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेच. मग तो म्हणाला, “एकदा राउटरची वायर काढून परत लाव.”

कॉर्ड काढणं आणि लावणं! यात मला कोण शिकवणार? मी टेबलामागे हात घालून झोकात काढली, झोकात लावली. आता भजनंही बंद. राउटरवर लाल दिवा.

“आई, मीटिंग में बुला रहे हैं. दस मिनट!” म्हणून अभय गेला. शेजारचे सगळे भिलाईला लग्नाला. माझ्या फोनवरून परदेशी लागत नाही, तरी दोनदा लावून पाहिला.

अकरा वाजून दहा मिनिटं. पडद्यावर ताईचा फोटो, खाली ‘कनेक्ट होत आहे...’ आणि गोल गोल फिरणारं चक्र.

आम्हा ऑपरेटर लोकांची एक सवय असते. कधी कधी लाईन एकतर्फी लागायची, आपल्याला काही येत नाही पण पलीकडे आपलं जातं. म्हणून लाईन मेलेली वाटली तरी बोलून पाहायचं. मी बोलले. “ताई, तुझा आवाज नाही येऊन राहिला. माझा येत असेल तर ऐकून घे.” आणि सांगितलं सगळं. जबलपूर, कॉर्ड, हिरवी साडी. मग थांबले, तिनं बोलावं म्हणून. पुष्कळ वेळ थांबले. फोटोतल्या ताईनं पापणीही हलवली नाही. साडेअकरा वाजले.

संध्याकाळी अभय आला, टेबलामागे वाकला. “आई, ही वायर तर बाहेर लोंबकळते. खटका तुटला हिचा.” म्हणजे मी लावलेली लागलीच नव्हती! फायरवॉलची खूणही तशीच रिकामी. कॉलच्या यादीत त्या दिवशीचं काही नाही.

दोन दिवसांनी भाचीचा, मुग्धाचा, कॉल आला. ऑपरेशन नीट झालं होतं.

“मावशी, काय सांगितलं गं तू आईले त्या दिवशी?”

“मी? लागलाच नाही कॉल.”

“असं काय करते! मी आत बॅग भरून राहिली होती, तुझा आवाज तिथपर्यंत. कोणत्या तरी हिरव्या साडीचं. मग आई जी सुरू झाली! दहा मिनिटं! महिनाभरात तिचा असा खणखणीत आवाज नाही ऐकला. शिव्या देऊन राहिली होती का हसून राहिली होती, कळेना. मी डोकावली तर म्हणे, दार लाव.”

हिरवी साडी मी आजवर कोणालाच सांगितली नव्हती. मुग्धानं तिच्या लॅपटॉपवर पाहिलं. तिथंही कॉलची नोंद नाही. अभय आधी म्हणाला, मधेच नेट आलं असेल. मग त्यालाच ती लोंबकळणारी वायर आठवली आणि तो चहा करायला उठून गेला.

महिन्याभरानं ताईशी व्हिडिओवर भेट झाली. चित्र स्वच्छ, सगळं सुरळीत. तिच्या हातात पाटी. मी विचारलं, “ताई, त्या दिवशी काय म्हणाली होतीस?”

तिनं लिहिलं, “ऐकलं नाही?”

मी नाही अशी मान हलवली. तिनं पाटी पुसली. मग लिहिलं, “आता कुठून आणू?”

लिहून दे म्हणून मी हजारदा विनवलं. नाही म्हणजे नाही. गेल्या वर्षी ती गेली.

तुमच्यात कोणी या लाईनमधलं असेल तर विचारते. तार सुटलेली असताना माझं बोलणं तिकडे कसं गेलं, ते नाही कळलं तरी चालेल मला. तिचं इकडे काहून आलं नाही, तेवढं सांगा.