तीनदा काढलेली लेव्हल

"पानी कुठनं भरत्यात?"

कुठलंही चित्र समोर ठेवा, मामांचा पहिला प्रश्न हाच. चित्र राजवाड्याचं असो, नाही तर राक्षसाच्या गुहेचं. चष्मा कपाळावर चढवायचा, कागद हातभर लांब धरायचा, खालचा ओठ पुढे काढून बराच वेळ बघायचं आणि मग हे विचारायचं. समोरच्याला उत्तर देता आलं नाही की कागद तसाच परत. "मग ऱ्हात न्हाई हितं कोनी. कशाला बांधायचं?"

आता तुम्हीच सांगा, मोबाईलवरच्या गेममधल्या शहरात लोक पाणी कुठून भरतात हे मला काय ठाऊक! ज्यांनी तो गेम बनवला त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? मी फोन करून विचारलं, तर पलीकडचा माणूस आधी हसला आणि मग म्हणाला, "मॅडम, त्यांना तहान लागत नाही." हे मी मामांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो गेम केलाय आणि माझ्याच हातून हे पाप घडलंय.

थोडं आधीचं सांगते. मी मूळची संगमनेरची. मुंबईत बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली सिनेमाचे सेट उभे केले, आणि मग पहिल्यांदा एक काम माझ्या एकटीच्या जबाबदारीवर मिळालं. एका गेमवरून सिनेमा निघत होता. गेममध्ये एक उजाड झालेलं जुनं शहर, त्यातून पळणारी एक मुलगी आणि तिच्या मागे लागलेली भुतावळ. एक टप्पा पार केला की पुढचा, त्याहून अवघड. या टप्प्यांना गेमवाले 'लेव्हल' म्हणतात. हा शब्द जरा लक्षात ठेवा, याच शब्दाने पुढे माझी फजिती केली.

शहर खरोखरचं बांधायचं, हा माझा हट्ट. निर्मात्यांचा जीव मात्र हिरव्या पडद्यात अडकलेला. स्टुडिओत हिरवं कापड ताणायचं, त्याच्यापुढून नटीला पळवायचं, बाकी शहर नंतर कॉम्प्युटरवर उभं करायचं. शेवटी ते म्हणाले, "महिन्याभराने येऊन बघतो. मला पटलं तर तिथे. नाही पटलं तर गुंडाळा सगळं आणि या स्टुडिओत."

पुणतांब्याच्या अलीकडे एक मुरमाड माळ मिळाला. आणि माळ दाखवायला जो माणूस आला होता, त्यानेच मामांचं नाव सांगितलं. पन्नास वर्षांपासून मामा हे गणपती-नवरात्रात देखावे उभारणारे म्हणून राहाता, श्रीरामपूर, कोपरगावपर्यंत माहीत. त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना मामाच म्हणायची. पण दोन वर्षं झाली, एकाही मंडळाचा निरोप आला नव्हता. मंडळं आता भाड्याने चमकत्या पडद्यांच्या भिंती आणतात, बटण दाबलं की कैलास, बटण दाबलं की लंका. मामा आणि त्यांचे बारा गडी, सगळे पिकल्या केसांचे सुतार आणि रंगारी, घरी बसून होते.

हिरव्या कापडाची गोष्ट मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकली. लपवून काय करायचं?

"म्हंजे हितं बी परदाच म्हना की," मामा म्हणाले.

"त्यांना आपलं काम पटलं नाही तर."

मामांनी कानावरची पेन्सिल काढली, बघितली, परत कानावर ठेवली. "न्हाई येऊ द्यायचा," एवढंच बोलले आणि गड्यांना हाका मारायला लागले.

मग सुरू झालं आमचं शहर. आधी विहीर. गेममध्ये विहीर नव्हतीच, पण मामा अडून बसले. विहिरीच्या दगडी काठावर दोर घासून पडलेल्या खाचा हव्यात, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, छिन्नीने पाडा आणि मोकळे व्हा. "छिन्नीची खाच आन दोराची खाच एक आसती व्हय?" म्हणून दोन माणसं दोन दिवस काथ्याचा दोर ओला करून त्या काठावरून ओढत बसवली. मी डोक्याला हात लावला. पण खाचा झाल्यावर मी त्यातून बोट फिरवलं. खरं सांगते, इथे बायका पाणी शेंदत होत्या, असं वाटलं.

वेशीवरच्या राक्षसाची गंमत वेगळीच. चांगला दीड पुरुष उंच, सुळेबिळे काढलेला. सकाळी बघते तर त्याचा उजवा हात हळूहळू वर जातोय, थांबतोय, खाली येतोय.

"मामा, राक्षस आशीर्वाद देतोय!"

"मोटार पडून हुती घरी, लावली. काईतरी हललं पायजे हो, ताई."

"अहो, पण तो माणसं खाणारा आहे!"

"मग खाल्ल्यावर दील."

शेवटी तडजोड झाली. हातात गदा दिली. आशीर्वाद देणारा हात तोच, फक्त आता तो डोक्यात घालायला निघालाय असं दिसायचं.

असा मनुष्य. हसावं की रागवावं कळत नसे. आणि मग मध्येच असं काही करायचा की आपण गप्प. बाजारपेठेतल्या घरांना दारं बसवून झाली, तेव्हा त्यांनी गावातून पोतंभर जुन्या चपला गोळा करून आणल्या आणि प्रत्येक दारात एकेक जोड ठेवत गेले. मोठ्यांच्या, लहानांच्या, अंगठा तुटलेल्या. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "भुतं आली तवा मानसं पळाली न्हवं? चपला घालाया येळ कुठला?" गेम बनवणाऱ्यांनी हजार राक्षस काढले होते, पण मला त्या शहराची भीती पहिल्यांदा वाटली ती त्या चपला बघून.

आता फजिती. आमच्या आमच्यात बोलताना आम्ही 'लेव्हल' शब्द वापरतच नव्हतो. पहिला टप्पा म्हणजे 'वेस', दुसरा 'बाजार', तिसरा 'खिंड'. खिंडीसाठी माळाचा एक कोपरा मुद्दाम राखला होता, सगळा खाचखळग्यांचा, दगडधोंड्यांचा. निर्माते यायच्या आठ दिवस आधी मला मुंबईला बोलावून घेतलं. तिथे दिवसभर सगळे लेव्हल, लेव्हल करत होते, आणि माझ्याही जिभेला तेच वळण लागलं. घाईत मी मामांना फोन केला. "मामा, लेव्हल एक झाली, लेव्हल दोन झाली. आता लेव्हल तीन करून ठेवा. एकदम कडक झाली पाहिजे. तिच्यावरच सगळं अवलंबून आहे."

"कडक करतो," मामा म्हणाले.

गवंड्या-सुतारांना लेव्हल म्हटलं की काय कळतं, हे त्या वेळी माझ्या डोक्यात कसं आलं नाही देव जाणे. तुम्ही बघितलं असेल. पाण्याने भरलेली नळी दोन टोकांना दोघं धरतात आणि जमीन सपाट आहे का बघतात, त्याला म्हणतात लेव्हल काढणं.

निर्माते विमानाने शिर्डीला उतरले, दर्शन घेतलं आणि कपाळाला गंध, हातात प्रसादाची पिशवी अशा थाटात माळावर आले. मी शिर्डीहून त्यांच्याच गाडीत. वेस बघितली, हं म्हणाले. बाजार बघितला, चपलांपाशी जरा थांबले, पुन्हा हं म्हणाले. मग आम्ही वळसा घालून खिंडीकडे गेलो.

खिंड नव्हती. खळगे नव्हते, धोंडे नव्हते. होतं एक लांबरुंद अंगण. मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून घट्ट करून, वर शेणाने सारवलेलं, लखलखीत. आणि त्या अंगणभर जुनी लुगडी आणि धोतरं अंथरून, त्यांच्यावर ओळीने ओल्या कुरडया. शेकडो कुरडया! चैत्रातलं ऊन, अशी जागा, आणि गावातल्या बाया ती मोकळी सोडतील होय! कडेला हातात काठी घेऊन मामी, म्हणजे मामांच्या पत्नी, कावळ्यांवर राखण करत बसलेल्या.

"मामा, हे काय करून ठेवलंत?"

"लेव्हल," मामा अभिमानाने म्हणाले. "तुमीच म्हनला न्हवं, लेव्हल तीन, कडक? तीनदा काढली. नळी लावून बघा. मधोमध दूध सांडा, जागचं हलायचं न्हाई."

माझं टाळकं फिरलं. एवढे दिवस, एवढी मेहनत, आणि हा हिरवा पडदा आता येणार तो माझ्याच माणसाच्या हाताने! मी नको ते बोलले. सगळ्या गड्यांसमोर बोलले. "तुमच्या वयाला हे झेपत नाही मामा, घरी बसायला हवं होतं तुम्ही," इथपर्यंत बोलले. मामांनी नळी गुंडाळायला घेतली, आणि बाराही गडी मान खाली घालून उभे राहिले. ते आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

तेवढ्यात मामी ओरडल्या, "ओ भाऊ! बूट काढा आधी! आन पाय बघून टाका, ओल्या हायेत!"

मी कडेकडेने मामांपाशी धावले होते; मागे राहिलेले निर्माते आमच्याकडे यायला म्हणून सरळ अंगणातून निघाले होते. दोन लुगड्यांच्या मध्ये वीतभर जागा, आणि तिच्यात हा एवढा मोठा माणूस एका पायावर उभा. मागे जावं तर कुरडया, पुढे यावं तर कुरडया. बिचाऱ्यांनी तसंच डगमगत एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही छातीशी धरले.

"डाव्या अंगाला. आवो, डावं कुठलं ते तरी कळतंय का? तितं न्हवं! टाच उचला. टाच!" मामींची काठी हवेत.

मुंबईत शंभर माणसं ज्यांच्यासमोर उभी राहतात ते गृहस्थ चवड्यांवर, जीव मुठीत धरून, घामाने निथळत येत होते. गडी आधी तोंडात रुमाल कोंबून हसले, मग रुमालही पुरेना. एकदा तोल गेला तेव्हा अख्ख्या माळाने "आऽऽ" केलं. शेवटी एकदाचे पोचले. एकही कुरडई मोडली नव्हती. त्यांनी बूट खाली ठेवले, धाप टाकली आणि मागे वळून त्या अंगणाकडे बघितलं.

"हा गेम मी शेवटापर्यंत तीनदा खेळलोय," ते म्हणाले. "एकाही लेव्हलला माझी अशी तंतरली नव्हती."

मग त्यांनी माझ्याकडे न बघता मामांनाच विचारलं, "ती मुलगी इथून पळाली, मागे भुतं, आणि पायाखाली हे. आणि समोर या मावशी. जमेल?"

मामांनी विचार केला. "भुतांनाबी बूट काढाय लागतील," ते म्हणाले.

निर्माते खो खो हसले. तिथेच ठरलं, सिनेमा याच माळावर होणार. खिंड रद्द, सगळ्यात अवघड लेव्हल म्हणजे हे अंगण. जाताना ते मामांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुम्ही खरे लेव्हल डिझायनर!" गाडी गेल्यावर मामांनी मला हळूच विचारलं, "डिझायनर म्हंजे मिस्तरीच न्हवं?"

"मिस्तरीच, मामा," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. "चुकलं माझं. मी बोलायला नको होतं तसं."

"कुनाचं चुकलं त्ये ऱ्हाऊ द्या. च्या सांगा बारा-तेरा." माझ्या डोक्यावर त्यांनी सारवणाचा हात ठेवला. केस दोन दिवस वास मारत होते.

चित्रीकरण संपलं, शहर उतरवलं, माळ पुन्हा माळ झाला. त्यानंतर मामा मला फक्त एकदाच भेटले. सिनेमा लागला तेव्हा संगमनेरच्या थिएटरात मी सगळ्यांना बोलावलं होतं. पुढच्या श्रावणात ते गेले. साधा ताप आला म्हणे, आणि तीन दिवसांत आटोपलं. मी मुंबईत होते, मला कळलं ते दहावा होऊन गेल्यावर. शेवटचं तोंड बघायलासुद्धा मिळालं नाही, याची हळहळ जात नाही. म्हणून मला ते आठवतात ते त्या थिएटरातलेच.

पुणतांब्याहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. मामांसाठी मी मागची, चांगली खुर्ची राखून ठेवलेली. पण ते गेले आणि सगळ्यात पुढच्या रांगेत बसले. मला वाटलं, दिसत नसेल नीट. सिनेमा सुरू झाला. कॉम्प्युटरवाल्यांनी आमच्या भिंतींवर लाल आभाळ घातलं होतं, लांबवर जळते डोंगर घातले होते. झाक दिसत होतं, मान्य करते. अंगण आलं. मुलगी धावत आली, कडेला थबकली, तिने चपला काढल्या आणि पहिलं पाऊल टाकलं.

"अगं, टाच उचल की!" मागून कुणी बाई जीव तोडून ओरडली. मग दुसरी, मग सगळेच. "डावीकडं! डावीकडं बघ!" माणसं उभी राहिली. एक म्हातारे गृहस्थ स्वतःच चवड्यांवर उभे राहून तोल सावरत होते.

मी मामांकडे बघितलं. ते पडद्याकडे पाठ करून खुर्चीवर उलटे बसले होते. दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर टेकवलेले, हनुवटी हातांवर. पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडांवर पडत होता आणि मामा एकेक तोंड बघत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.

शेवटपर्यंत ते तसेच बसले. दिवे लागल्यावर मी जवळ जाऊन विचारलं, "मामा, कसा वाटला सिनेमा?"

त्यांनी डोळे पुसले.

"लई मानसं हुती," ते म्हणाले.