तिसऱ्या मजल्याच्या सिस्टर

“आधी पाणी पी, मग सांग.”

तिसऱ्या मजल्याच्या इन्चार्ज सिस्टरांचं हे ठरलेलं वाक्य. नर्स रडत येवो की तणतणत, त्या आधी पाण्याची बाटली पुढे करायच्या. गंगापूर रोडवरच्या त्या हॉस्पिटलात मी एचआर मॅनेजर. नर्सेस सोडून जाऊ नयेत हे माझं काम, आणि त्या धडाधड जात होत्या. मी वाढदिवसाला केक सुरू केला. ‘महिन्याची सर्वोत्तम परिचारिका’ म्हणून फोटो लावायला लागलो. एकदा तर फोटो चौकटीत बसेपर्यंत बाई राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या होत्या.

“केक छान होता हो साहेब,” सिस्टर म्हणाल्या.

त्यांच्या मजल्यावरून मात्र कोणी जात नव्हतं. तुम्ही कुठेही नोकरी केली असेल, तर कारण एव्हाना ओळखलं असेल. मी एमबीए असल्यामुळे मला जरा वेळ लागला.

वही घेऊन मी आठवडाभर तिथे बसलो. ड्युटी लावण्याआधी सिस्टर प्रत्येकीला विचारायच्या, “घरी काय आहे या आठवड्यात?” हरसूलच्या एका मुलीला भातलावणीसाठी चार दिवस हवे होते. तिच्या पाळ्या सिस्टरांनी स्वतः केल्या. मी वहीत लिहिलं, ‘संवादकौशल्य उत्तम.’

पुढे त्याच मुलीकडून एका पेशंटचा डोस द्यायचा राहिला. “सिस्टर, लय मोठी चूक झाली माझ्याकडून,” ती म्हणाली. तिला पाणी पाजून सिस्टर तिच्यासोबत डॉक्टरांकडे गेल्या. सुदैवाने पेशंटला काही झालं नाही. डॉक्टर ओरडायला लागले, तशा सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या. “मजला माझा आहे. मला बोला.”

मी तत्परतेने मुलीच्या नावाने मेमो काढला. सिस्टरांनी तो वाचला, खाली मुलीच्या जागी स्वतःची सही केली आणि मला परत दिला. मुलगी टिकली.

हे पाहून माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तिथेच घात झाला. मी अहवाल दिला की अशा बाईंना वर आणा, सगळ्या हॉस्पिटलला उपयोग होईल. सिस्टर नर्सिंग सुपरिंटेंडेंट झाल्या. पाचव्या मजल्यावर एसी केबिन, लॅपटॉप आणि दिवसभर माझ्याबरोबर मीटिंगा. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

चार महिन्यांत तिसरा मजला गळायला लागला. एकदा सोडून गेलेल्यांच्या माझ्या यादीत सिस्टरांना हरसूलच्या मुलीचं नाव दिसलं.

“ही गेली? कधी?”

“सोमवारी.”

“मला भेटली नाही ती.”

“आली होती. तुम्ही मीटिंगमध्ये होतात. मीच म्हटलं, अपॉइंटमेंट घेऊन ये.”

त्यांनी यादी मला परत दिली. त्यांनी माझ्यावर ओरडावं, असं मला फार वाटलं.

मग त्यांनी तिसऱ्या मजल्यावर परत पाठवा म्हणून अर्ज केला. खालच्या पदावर जाण्याची धोरणात तरतूद नाही, असं उत्तर मी पाठवलं. धोरणही मीच लिहिलं होतं. महिन्याभरात त्यांचा राजीनामा आला.

जाणाऱ्याची मुलाखत घ्यायचा आमच्याकडे फॉर्म असतो. शेवटचा प्रश्न मी वाचून दाखवला, “तुम्हाला थांबवण्यासाठी संस्था काय करू शकली असती?”

सिस्टर माझ्याकडे बघून मायेने हसल्या. “राहू द्या साहेब. उगाच तुमची अडचण व्हायची.”

त्या रकान्यात मी लिहिलं, ‘निरंक.’ आणि त्यांची सही घेतली.