नत्थुजींची पांदण

दर्यापूरच्या बाजारात नत्थुजींची वांगी आणि कोथिंबीर सकाळीच संपून जायची. बाकीचे भाजीवाले मग चहाच्या टपरीवर रेंगाळत. नत्थुजी मात्र आपला छोटा हत्ती टेम्पो घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून फिरत, कुठे जुनं घर पाडणं चालू आहे का ते बघत. घर पाडणाऱ्याला मलबा कुठे टाकायचा ही चिंता असतेच. नत्थुजी तो फुकट उचलून नेत. विटांचे तुकडे, चुन्याची ढेकळं, निळा रंग दिलेल्या भिंतींचे खपले, कधी एखादी अर्धी फरशी. रिकाम्या गाडीत ते सगळं भरून गावाकडे निघायचं आणि शेतात जाणाऱ्या पांदणीत जिथे चिखल सर्वात खोल, तिथे ओतायचं.

पूर्णेच्या खोऱ्यातलं ते गाव. तिथली काळी जमीन कापसाला, सोयाबीनला फार चांगली, पण पाऊस लागला की पायातली चप्पल ओढून घेते आणि बैलगाडीचं चाक आसापर्यंत गिळते. कितीही खणलं तरी खाली मुरूम लागत नाही. त्यामुळे आषाढ ते आश्विन गावची अर्धी शेतं जवळजवळ तुटूनच जात. कपाशीवाल्यांचं त्यात फारसं अडत नसे, कारण त्यांचा माल दिवाळीच्या पुढे निघायचा. नत्थुजी माळी. त्यांचा माल रोज निघणार आणि रोज बाजारात जाणार. म्हणून त्यांनी आपल्या शेतापुरता मलबा टाकायला सुरुवात केली होती. पुढच्या वर्षी शेजारच्या शेतापर्यंत टाकला, मग नाल्याच्या वळणापर्यंत. हळूहळू पांदणीच्या पार शेवटी असलेल्या बुधाजीच्या शेतापर्यंत ते काम जाऊन पोचलं. पंधरा-सोळा वर्षं ते चाललं, आणि लोक त्या वाटेला नत्थुजीची पांदण म्हणू लागले.

लोक वाईट नव्हते. वाटेत भेटले की दोन शब्द चांगले बोलत, हुरड्याला बोलावत. पण एक टोपलं कोणी उचललं नाही. नत्थुजी टाकतात ना, मग झालं. नत्थुजींनाही त्याचं वाईट वाटत नसे. उलट, कोणाची गाडी न अडखळता पुढे गेली की त्यांना आतून बरं वाटायचं, आणि ते बरं वाटणं त्यांना पुरत असे.

एक हिशेब मात्र त्यांच्या मनात पक्का बसला होता. ते घरपट्टी भरत नसत. ग्रामपंचायतीचा चपराशी दारात आला की हसत म्हणत, "मी तं सडकच बांधून देऊन राह्यलो, मले कायची पट्टी मांगतं?" चपराशीही हसून पुढच्या घरी जाई. पुढचा म्हणे, सडकच नाही तर पट्टी कशाची? अशा रीतीने रस्ता बांधणाराही भरत नव्हता आणि रस्ता नाही म्हणणाराही भरत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी नत्थुजींचा उजवा गुडघा पार गेला. त्यांची मुलगी आचल अकोल्याच्या जुन्या शहरात राहते. तिने ऐकलंच नाही; उन्हाळ्याच्या शेवटी त्यांना घेऊन गेली आणि ऑपरेशन करवून घेतलं. मोर्णा नदीच्या अलीकडच्या गल्लीत, तिच्या घराच्या पुढच्या खोलीत पलंगावर पडून नत्थुजींनी सगळा पावसाळा काढला. गावी रुख्मिणीबाई शेत बघत होत्या. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

पडल्या पडल्या खिडकीतून गल्ली दिसे. एकदा घरासमोरची नाली तुंबली. आचलने महापालिकेत फोन लावला आणि अगदी शांतपणे, पण जराही न वाकता तक्रार लिहून घ्यायला लावली. दुसऱ्या दिवशी माणसं येऊन नाली मोकळी करून गेली. नत्थुजींना नवल वाटलं. ते म्हणाले, फावडं घेऊन जावईबुवांनीच काढली असती की. आचल भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आपली गल्ली आज काढू बाबा, मोठी नाली कोन काढन? टॅक्स भरला हाय मी, तं मले सांगता येते."

भाद्रपद लागायच्या आधी एका संध्याकाळी रुख्मिणीबाईंचा फोन नेहमीपेक्षा लवकर आला. बुधाजीची बायको इंदूबाई शेतात मूग तोडत होती, तिला पान लागलं. सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून तिकडे असंच म्हणतात. घोणस होती, पायाला चावली होती. बुधाजीने तिला बैलगाडीत घातलं, पण नाल्याच्या वळणावर गाडी रुतली ती हललीच नाही. त्या वर्षी तिथे मलबा पडला नव्हता, आणि आधीचा चिखलाने केव्हाच खाऊन टाकला होता. शेवटी चौघांनी खाटेवर घालून तिला गावापर्यंत आणलं. तिथून जीप, मग दर्यापूरचा दवाखाना, तिथून अमरावती. जीव वाचला, पण फार वेळ गेला होता. डाव्या पायाची बोटं काढावी लागली.

नत्थुजी त्या दिवशी जेवले नाहीत. आचलने समजावलं, डॉक्टरने पाय दुमडू नका म्हणून सांगितलेलं असताना तुम्ही काय करणार होता? पण नत्थुजींच्या डोळ्यांसमोर फक्त ते वळण येत राहिलं. कुठे दोन खेपा टाकल्या की चाक निघतं, हे त्यांना तळहातासारखं माहीत होतं.

दसरा जवळ आला तेव्हा ते काठी टेकत गावी परतले. पारावर लोकांनी तब्येत विचारली, आणि मग कोणीतरी, मनात काही वाईट न ठेवता, म्हणून गेलं: "औंदा नत्थूभाऊ गावात असते तं इंदूबाईचा पाय वाचला असता." सगळ्यांनी माना हलवल्या. नत्थुजींनीही हलवली. पण घरी येऊन बाजेवर बसल्यावर ते वाक्य त्यांच्या छातीवर दगडासारखं बसलं. रुख्मिणीबाईंना ते म्हणाले की उद्या बुधाजीकडे जाऊन माफी मागून येतो. रुख्मिणीबाई चिडल्याच. साप तुमी सोडला होता का, असं त्यांनी विचारलं. तरी दुसऱ्या दिवशी ते गेले.

इंदूबाई ओसरीत बसली होती, पायाला फडकं गुंडाळलेलं, पुढ्यात तुरीची डाळ निवडायला घेतलेली. अंगाने वाळली होती, पण आवाज तसाच खणखणीत होता. नत्थुजींनी तिच्यासमोर हात जोडले आणि जे बोलायचं ते बोलून टाकलं. या साली माझ्याने मलबा टाकणं झालं नाही, म्हणून तुझ्यावर ही वेळ आली, मला माफ कर.

तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"भाऊजी, तुमी हात खाली घ्या पयले," ती म्हणाली. "तुमचं ते काम होतं का? तुमाले कोनी पगार देत होतं? खाटेवर पडून मी एकच इचार करत होती का ह्या गावात येवढी मानसं, येवढी मोठी पंचायत, अन् माहा जीव एका मानसाच्या गुडघ्यावर काहून अडकून राह्यला? मले माफी नोका मांगू. तुमी मांगली तं बाकीचे सारे सुटले."

बुधाजी खांबाला टेकून उभा होता. तो खाली बघत म्हणाला की आम्ही पण कधी टोपलं उचललं नाही भाऊ, आणि पट्टी तर मीही भरली नाही. इंदूबाईने चहा ठेवायला सांगितला.

परत येताना नत्थुजी पांदणीच्या तोंडाशी थांबले. त्यांना जे हलकं वाटायला हवं होतं ते वाटत नव्हतं. माफी मिळाली असती तर गोष्ट त्यांच्यापुरती मिटली असती. आता ती मिटत नव्हती, उलट मोठी होत चालली होती. इतकी वर्षं आपण गावाला रस्ता दिला असं ते समजत होते. पण चिखल झाला तेव्हा बुधाजीला कोणाला जाब विचारता आला नाही, कारण जे मिळत होतं ते एकाच्या मर्जीवर मिळत होतं. देणारा अंथरुणाला खिळला की संपलं. आणि पट्टी न भरून त्यांनी स्वतःचाही विचारायचा हक्क घालवला होता. आचल भाजी निवडता निवडता जे बोलली, ते त्यांना आता नीट कळलं.

डिसेंबरातल्या ग्रामसभेत पांदणीचा विषय निघाला. ग्रामसेविका गीतांजली मॅडम नवीन होत्या. त्यांनी सरळ सांगितलं की सरकारची पांदण रस्त्यांची योजना आहे, ठराव करून पाठवता येईल. पण अडचणी दोन. एक, कागदावर ही पांदण दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढी रुंद आहे आणि जागेवर एक गाडीही धड जात नाही. दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी, म्हणजे शेतांच्या बांधांनी, ती खाल्ली आहे. ती जागा शेतकऱ्यांनी राजीखुशीने सोडावी लागेल. दुसरं, सरकार रस्ता एकदा करून देईल, पुढची डागडुजी पंचायतीची. आणि पट्टी तर तीन घरांमागे एकाचीही येत नाही.

पंजाबराव उठले. पांदणीला सर्वात लांब कड त्यांच्याच शेताची लागून होती. ते म्हणाले की गरिबाकडून पट्टी आणि शेतकऱ्याकडून जमीन मागायची, मग सरकार करतं काय? आपण काडेपेटी घेतली तरी टॅक्स भरतो, डिझेलवर भरतो. बोलणं खोटं नव्हतं, आणि बरेच जण हो म्हणाले. मॅडमही म्हणाल्या की त्यात चूक काही नाही, म्हणूनच सरकारकडे मागायचं आहे. पण मागणाऱ्यांनी आपल्या वाट्याचं तरी करून ठेवावं.

तेवढ्यात मागून एकाने तोडगा काढला: कशाला एवढी झंझट, नत्थूभाऊंचा गुडघा आता बरा आहे, वर्गणीतून त्यांना डिझेल देऊ, ते मलबा टाकतील. हा तोडगा सगळ्यांना एकदम आवडला. लोक नत्थुजींकडे वळून बघू लागले.

आयुष्यात कधी ग्रामसभेत न बोललेले नत्थुजी काठीवर भार देऊन उभे राहिले. त्या क्षणी हो म्हणणं किती सोपं होतं हे त्यांना जाणवत होतं. गाव पुन्हा खूश होणार होतं, आणि तेही.

"मी आता मलबा टाकत नाई," ते म्हणाले. "मी टाकत राह्यलो म्हून तुमी बसून राह्यले, अन् मी माही पट्टी बुडवत राह्यलो. मले वाटे का मी गावाचं भलं करून राह्यलो. जे चुकलं ते माहं येवढंच हाय, अन् तेवढं मी भरून देतो. पट्टी बाकी हाय, ते भरतो. माह्या धुऱ्यानं बी पांदणीत पाय टाकला हाय, तो मांगं घेतो. याच्यावरचं मी एकटा नाई करू शकत. ते साऱ्याइचं हाय."

सभेत तेव्हा कोणी जिंकलं-हरलं नाही. काही जण नाराज होऊन उठून गेले. पंजाबराव म्हणाले, बघू. ठराव तेवढा झाला.

घरी रुख्मिणीबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं की धुऱ्याकडच्या त्या दोन ओळी शेवंतीच्या आहेत हे ध्यानात आहे ना. ध्यानात होतं. "मंग लग्नसराईचा तोडा निघू द्या, मंग उपटा," त्या म्हणाल्या. नत्थुजींनी तेवढं ऐकलं. फेब्रुवारीत दोघांनी मिळून त्या ओळी उपटल्या आणि धुरा मागे सरकवला. बुधाजीने आपल्या बाजूचा सरकवला. मग त्याच्या शेजाऱ्याने. पट्टी नत्थुजींनी दोन हप्त्यांत भरली. पावती घेताना त्यांना उगाचच लाजल्यासारखं झालं, आणि चपराशी या वेळी हसला नाही.

मोजणीवाले आले तेव्हा पंजाबरावांचा धुरा तेवढा पुढे आलेला उरला होता. त्यांना कोणी काही बोललं नाही. इंदूबाई रोज लंगडत त्याच्यावरून शेतात जात होती, तेवढंच. उन्हाळ्यात एका सकाळी पंजाबरावांनी स्वतःच नांगर घातला आणि वाट सोडली. का सोडली ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मातीकाम झालं, त्यावर खडी पडली आणि दाबली गेली. पावसात दोन गाड्या समोरासमोर आल्या तरी आता निघतात. पण नाल्याच्या वळणावर मोरी बसवायची राहिली आहे. तिथून पाणी वरून जातं आणि खडी वाहून नेतं. मोरीचं काम वेगळ्या मंजुरीत आहे असं समजलं. दुसरीकडे गावातली पट्टी आता निम्म्याहून जास्त घरांची येते, पण सगळ्यांची अजून नाहीच.

म्हणून मागच्या सोमवारी नत्थुजी, बुधाजी, इंदूबाई आणि पंजाबराव असे चौघं वडापच्या जीपमध्ये बसून मोरीची चौकशी करायला दर्यापूरच्या बांधकाम कचेरीत गेले. जीपमध्ये पंजाबरावांनी इंदूबाईला खिडकीजवळची जागा दिली, पाय लांब करता यावा म्हणून. इंजिनियर साहेब साइटवर गेले होते, दुपारनंतर येतील असं कळलं. पंजाबराव म्हणाले की मग चला, पुढच्या सोमवारी येऊ.

"बसू ना," इंदूबाई म्हणाली. "मूग तं तोडून घरी आला हाय, घाई कायची?"

ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. नत्थुजींनी गुडघा सरळ केला. बुधाजीने पिशवीतून भाकरी काढली, पंजाबरावांनी ठेचा काढला, आणि कडुनिंबाची सावली पायांवरून सरकत असताना चौघं जण साहेबांची वाट बघत जेवायला लागले.