शिंपल्यांची गल्ली

व्हर्ना हाइटकॅम्प वाचनालयाची पायरी चढली ती रागातच. भांडण झालं होतं नगरपालिकेच्या बागसमितीत. त्याची तड लावायला ती इथे आली होती.

पोर्ट ॲम्ब्रोजच्या खालच्या अंगाला, मिसिसिपीच्या वळणावर, पुराच्या गाळाने झालेली मळईची सपाट जमीन आहे. तिथे बाग व्हायची होती. बागेच्या तोंडाशी ओतीव पितळी पाटी बसणार होती आणि तिचा मजकूर सभेत वाचून दाखवला गेला : 'येथे पूर्वी दलदल होती व गावाचा कचरा पडत असे.'

व्हर्ना खुर्ची ढकलून उठली. "कचरा? माझा जन्म झालाय तिथे!"

अध्यक्ष टिबेट्स सरळ माणूस. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला खोटं मी कशाला म्हणू? पण नकाशात तिथे एक घर नाही, घरपट्टीत एक नाव नाही. एप्रिल संपताना मजकूर ओतायला जाईल. त्याआधी डोळ्यांना दिसेल असं काहीतरी आणा, मी स्वतः पाटी बदलतो."

नकाशात घर दिसणार कुठून? मळई कुणाच्याच नावावर नव्हती. खांबांवर फळ्या ठोकून केलेल्या खोल्या, पूर आला की निम्म्या वाहून जायच्या. नदीतले शिंपले काढणारे आणि कारखान्यात त्यातून बटणांच्या चकत्या कापणारे तिथे राहायचे. प्लास्टिकची बटणं आली, कारखाने बसले, खोल्या पाडल्या गेल्या. व्हर्नाचा बाप चकत्या कापायचा. पुढे तीही यंत्रावर उभी राहिली. दिवसभर हात गार पाण्यात आणि कानात करकर. तिच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अजून सरळ होत नाही.

वाचनालयाच्या तळमजल्यावर गावच्या जुन्या कागदांची आणि फोटोंची खोली होती. ती सांभाळायची आयरीन स्ट्रँड. ही बाई कॅन्ससच्या गव्हाच्या मुलखातली. नोकरीला येईपर्यंत मोठी नदी तिने फक्त पुलावरून पाहिलेली. तिने व्हर्नाला पांढरे हातमोजे आणि भिंग दिलं.

व्हर्ना दार उघडायच्या वेळी हजर असायची. वर्तमानपत्रांत मळईचं नाव यायचं ते कुणी बुडालं तरच, म्हणून ती फोटोंकडे वळली. तिने एक पद्धत ठरवली. आधी मागची टेकडी बघायची, ती ओळखीची निघाली तरच पुढची माणसं. उगाच चेहरे बघत बसलं की दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. आगबोटी पाहिल्या, मिरवणुका पाहिल्या, महापौरांच्या मिशा पाहिल्या. मळई कुठेच नाही.

संध्याकाळी धाकटा भाऊ हार्लन मागच्या अंगणात कॅटफिश सोलत बसायचा.

"अगं व्हर्ना, इतकी धूळ खातेस, एक दिवस तुलाच खोक्यात भरून वर तारीख घालतील."

"तू आधी मासा नीट सोल. निम्मं कातडं तसंच आहे."

"आणि सापडलं नाही तर?"

"तर आई कचऱ्यात राहिली असं पितळेत लिहिलं जाईल. ते चालेल तुला?"

हार्लनने सुरी खाली ठेवली.

एप्रिल सरत आला. आयरीनने शेवटच्या फळीकडे बोट केलं. "हिवाळ्याची खोकी राहिलीत."

"ती नकोत. नदी गोठली की मळईवर कुत्रंही नसायचं. सगळे टेकडीवर, नातेवाइकांच्या घरी. हे मळईवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

दोन दिवसांनी व्हर्ना आली तेव्हा टेबलावर एक फोटो एकटाच ठेवलेला होता.

"मी काही मळईवरची नाही, म्हणून उघडली खोकी," आयरीन म्हणाली. "पाकिटावर लिहिलंय, 'नदीकाठ, हिमवर्षावानंतर'. पण ही पोरगी बघा. बर्फात अनवाणी! तुमच्याकडची माणसं भलतीच चिवट दिसतात."

व्हर्ना हसली आणि सवयीने आधी टेकडीकडे बघितलं. सेंट बोनिफेसचा मनोरा. त्याच्या डावीकडे दारूभट्टीचं धुराडं. तिचं हसू थांबलं. तिने भिंग खाली आणलं. पांढरीशुभ्र गल्ली, आणि त्या पांढऱ्यात गोल गोल काळी भोकं. हजारो.

"हा बर्फ नाही," ती म्हणाली. "हे शिंपले आहेत. चकत्या कापून उरलेले. चिखल होऊ नये म्हणून आम्ही ते गल्लीत पसरायचो, उन्हाने पांढरे पडायचे." भिंग पुढे सरकलं. तिसऱ्या खोलीच्या धुराड्यावर चरबीचा डबा पालथा घातलेला होता. "हे आमचं घर. तो डबा बाबांनी बसवलाय."

आयरीनने भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. "ही भोकं मी पावलांचे ठसे समजले."

"मी तर खोकंच उघडत नव्हते," व्हर्ना म्हणाली.

फोटो सापडला म्हणजे काम संपलं असं तिने धरलं नाही. प्रत घेऊन ती आयरीनसह मळईवर गेली. मनोरा आणि धुराडं फोटोत दिसतात तसे जुळेपर्यंत तणातून मागेपुढे सरकली. जुळले तिथे हार्लनला खणायला लावलं. फावडं वीतभर खाली गेलं आणि करकरलं. हार्लनने मूठभर शिंपले वर काढले, प्रत्येकाला गोल भोकं.

गुरुवारच्या सभेत व्हर्नाने भाषण केलं नाही. फोटो ठेवला, भिंग ठेवलं, शेजारी शिंपले ओतले. टिबेट्सनी वाकून बघितलं, एक शिंपला उचलून डोळ्याला लावला आणि त्या भोकातून सभेकडे पाहिलं.

"जुना मजकूर रद्द," ते म्हणाले. "नवा तुम्ही सांगा."

व्हर्नाने सांगितला : 'येथे शिंपले काढणाऱ्यांची आणि बटणं कापणाऱ्यांची घरं होती.'

बागेचं उद्घाटन जूनमध्ये झालं. पाटीपर्यंतची वाट खणून निघालेल्या शिंपल्यांचीच केली होती. गवंड्यांनी पहिले टोपलीभर शिंपले उताणे पसरले तेव्हा व्हर्नाने ते उचलायला लावले. "पालथे घाला. उताण्यात पाणी साचतं आणि कड टाचेत घुसते." त्यांनी सगळे पालथे घातले.

फीत कापून झाली. बँडवाले वाजवत होते. व्हर्नाने बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि महापौरांच्या पुढून पाटीकडे अनवाणी चालत निघाली. टाचेखाली ओळखीची करकर झाली.

मागून हार्लन ओरडला, "अगं, बर्फात अनवाणी! सर्दी होईल!"

सगळ्यात मोठ्याने आयरीन हसली.