शेजारच्या घरातली झोप

अठ्ठ्याहत्तर साली आमच्या इंदोरा वस्तीत बातमी होती, की देवाजी गजभियेची पोरगी शामला घरोघरी जाऊन लोकांची लेकरं झोपवते आणि विद्यापीठ तिला त्याचा पगार देते. पानठेल्यावर तर काहीजण आपापली रडकी नातवंडं तिच्या नावावर करून मोकळेही झाले होते.

खरी गोष्ट एवढीच, की शामला मानसशास्त्रात एम.ए. होऊन पीएचडी करत होती. तिचं म्हणणं, आईची झोप झाली, मन ठिकाणावर असलं, की लेकरू लवकर हुंकार देतं, लवकर कुशीवर वळतं. हे ताडून पाहायला ती पिशवीत लाल लोकरीचा गोंडा घेऊन फिरायची. गोंडा लेकरापुढे हलवायचा, डोळे त्याच्यामागे जातात का पाहायचं, मग आईला झोपेचं विचारायचं.

इथंच घोडं अडलं. दीक्षा घेऊन आम्हाला बावीस वर्षं झाली, देव्हारे गेले, अंगारे गेले, पण दृष्ट लागायची भीती काही घर सोडून गेली नाही. रुपरावच्या कौशल्याचं लेकरू दिवेलागणीला झोपे ते सकाळी कोंबड्यालाच ओ देई. पण ती म्हणे, कुठं वं ताई, रातभर डोळा लागू देत नाही. भिंतीपलीकडची जया लेकरू खांद्यावर घेऊन रात्रभर येरझारा घाले. पण सासू बायजाबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेली, म्हणून ती म्हणे, मस्त झोप होते ताई, आमच्या घरी कायची कमी?

झोपणारी म्हणे जागते, जागणारी म्हणे झोपते. कागदावर सगळा अभ्यास उताणा पडला. शामलाचे मार्गदर्शक कृष्णकांत सर म्हणाले, दिवाळीपर्यंत यातून काही निघालं नाही तर विषय बदला. विषय बदलणं म्हणजे दोन वर्षांची मेहनत पाण्यात. शिवाय मिलमध्ये राबणाऱ्या देवाजीनं पोरीच्या शिक्षणापायी चांगली दोन स्थळं परत पाठवलेली.

मी माझ्या परीनं धीर दिला. म्हटलं, "शामला, माणसाची झोप सोड अन् बकऱ्याईची पाह. त्याहिले सासू नसते." ती हसली नाही. तेव्हा मला कळलं, की प्रकरण गंभीर आहे.

त्याच आठवड्यात ती पुन्हा बायजाबाईकडे गेली. तेच प्रश्न, तीच उत्तरं. निघताना मात्र बायजाबाई आपणहून म्हणाली, "आमचं काय लिहून राहिली वं? त्या कौशल्याले पाह. लेकरू झोपते, अन् मायही घोरते. भिंतीतून ऐकू येते मले."

शामला उंबऱ्यातच थबकली. मग तडक कौशल्याकडे गेली आणि तिच्या लेकराचं नावही न काढता जयाचं विचारलं. कौशल्याचा आवाज आपसूक खाली आला. "काय सांगू ताई, त्याहिची बत्ती रातभर विझत नाही. जया बिचारी बसल्या बसल्या डुलक्या घेते."

झालं. तेव्हापासून शामलानं कोणालाच तिच्या घरचं विचारलं नाही. विचारायची ते शेजारणीचं, आणि दोन्हीकडच्या शेजारणींचं जुळलं तरच ते खरं धरायची. बायका इतक्या मनापासून बोलू लागल्या, की शामलाला चहाचा कंटाळा आला. उताणा पडलेला अभ्यास पायावर उभा राहिला.

आता त्यांच्या घरची बत्ती चर्चेत आहे, हे बायजाबाईला कोणीतरी जाऊन सांगितलं. कोणी, ते विचारू नका. तिनं त्याच रात्री पाळणा आपल्या खाटेजवळ ओढला आणि त्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली. सुरू असलेल्या अभ्यासात लुडबुड केली म्हणून शामला माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पण जयाला झोप मिळाली. गोंड्याकडे ढुंकून न पाहणारं तिचं लेकरू दिवाळीच्या आत त्याच्यामागे डोळे फिरवायला लागलं, आणि एक दिवस तर गोंडा धरून त्यानं सरळ तोंडात घातला.

कृष्णकांत सर मात्र नवे कागद पाहून वैतागले. ही तर शुद्ध चुगली आहे, याला अभ्यास कोण म्हणेल, असं त्यांनी विचारलं. देवाजी बाहेर बाकावर कान देऊन बसला होता, म्हणून पुढचं मला शब्दशः ठाऊक आहे. सरांनी विषय राहू दिला तो शामलाच्या या उत्तरावर:

"सर, आपल्या घरचं सांगताना बाई दृष्टीला भिते, सासूला भिते. शेजारच्या घरचं सांगताना ती कोणाच्या बापाला भीत नाही."