ओठ दिसणारा फोन

मोबाईलच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: बजेट काय? मी सांगितलं, बजेट बेताचंच आहे, पण ओठ नीट दिसले पाहिजेत. दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्या आईकडे पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, "मॅडम, सेल्फीसाठी का?" आईचं वय पंचाहत्तरच्या पुढे. ती मराठीत पुटपुटली, "ह्याज सांग, मज सिनेमांत जायाचें नाही म्हणून."

दुकानदाराला त्यातलं अक्षर कळलं नाही, हीच आमची सोय. आम्ही कुंभकोणमचे मराठी लोक. पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात आमची जुन्या वळणाची मराठी, उंबरठ्याबाहेर तमिळ, अशी वाटणी माझ्या जन्माच्या कितीतरी आधीच झालेली आहे. दुकानात मात्र आपापसात मराठी बोलायची मुभा असते, कारण भाव पाडताना ती फार कामी येते. लिहायची मराठी मी पुण्यात शिकताना उचलली. ती मी घरात बोलले तर आई विचारते, आज कोणी पाहुणे आले आहेत का?

तर ओठांचं असं होतं. माझा मामा, म्हणजे आईचा धाकटा आणि एकुलता भाऊ, बेंगळुरूला मुलाकडे राहतो. त्याचे कान हळूहळू गेले. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यात त्याला पंख्याची घरघर तेवढी ऐकू यायची, म्हणून ते कपाटात गेलं. मामी होती तोवर काही अडलं नाही. आईचा फोन आला की मामी तो आपल्या कानाला लावायची आणि मामासमोर बसून आई काय म्हणते ते नुसत्या ओठांनी त्याला सांगायची. मामा उत्तर मोठ्याने द्यायचा, इतक्या मोठ्याने की आमच्या स्वयंपाकघरात फोन न लावताही ऐकू आलं असतं. अशा त्यांच्या तासतासभर गप्पा चालत.

दोन वर्षांपूर्वी मामी गेली. त्यानंतर आई फोन करायची, मुलगा कामावर गेलेला, मामा एकटाच उचलायचा, आणि ती काहीही बोलली तरी म्हणायचा, "आमा, आमा." म्हणजे हो, हो. मग "सरि, सरि", म्हणजे बरं, बरं. मग फोन ठेवून द्यायचा. त्याला ऐकू येत नाही हे आईला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि मनाला पटणं वेगळं. गेल्या वर्षी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ती मनातून फार घाबरली होती. मला नाही बोलली, त्याला बोलली, आणि त्याच्या मुलाला तू कळवू नको, भावाला मीच सांगेन, असं मला बजावलं. तो म्हणाला, "सरि, सरि," आणि वर हसला. ऑपरेशन झाल्यावर तिने परत सांगितलं, मग परत एकदा सांगितलं. एकदाही त्याने उलटून विचारलं नाही की डोळा कसा आहे. तेव्हापासून आईने फोन करणं जवळजवळ सोडलं. "बाईल गेली, तेव्हां बहीणही गेली त्याज," असं ती एकदा तांदूळ निवडताना म्हणाली, आणि मला खरोखर राग आला. मामाचा नाही, तिचाही नाही, त्या "आमा आमा"चा.

मामाचा मुलगा मला म्हणाला होता की समोर बसून बोललं की बाबांना सगळं कळतं, ते ओठ वाचतात. मग प्रश्नच मिटला, व्हिडिओ कॉल करायचा! एका रविवारी माझ्याच फोनवरून करून पाहिला. मामा दिसला, छान भांग पाडून बसला होता. आई बोलत होती. आणि मामा म्हणत होता, "आमा, आमा." आईने तोंड फिरवलं आणि उठून गेली.

दोष मी माझ्या फोनला दिला. तो जुना, पुढच्या कॅमेऱ्यावर चरा पडलेला. त्यात आईचा चेहरा धुक्यातून आल्यासारखा दिसत असणार, मग ओठ कुठून कळणार? शिवाय मी सकाळी आठला शाळेत जाते आणि भावाबहिणीच्या गप्पांची वेळ म्हणजे दहा, स्वयंपाक उरकल्यावरची. घरातल्या तारेच्या फोनवर नुसतंच बोलता येतं, तेव्हा आईला स्वतःचा फोन हवाच. "एकदाच करून पाहूं," आई म्हणाली. "त्यानंतर मज पुन्हा सांगूं नको." ते ती ज्या स्वरात म्हणाली त्यावरून मला कळलं की या फोनवर बरंच काही अवलंबून आहे. म्हणून मी कंबर कसून अभ्यासाला लागले. मी गणित शिकवते, तुलना करण्याची मला भारी हौस.

स्वस्त फोनांच्या दुनियेत एक गोष्ट लगेच लक्षात येते. जे जे भलंमोठं लिहिलेलं असतं, ते ते आपल्या उपयोगाचं नसतं. पाठीमागे तीन तीन कॅमेरे. त्यातला एक काम करतो आणि बाकीचे दोन लग्नातल्या व्याह्यांसारखे नुसते मानाने उभे. आपल्याला हवा तो पुढचा कॅमेरा, त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. बॅटरी म्हणे तीन दिवस चालते. आमच्या घरात विजेचं बटण आहे, मला तीन दिवसांचं काय करायचंय? खेळ खेळताना फोन तापत नाही, असंही एकाच्या खोक्यावर होतं. आई कुठला खेळ खेळणार, ती पत्त्यांत हरली तरी डाव मोडते.

दुकानदार भला माणूस. त्याने एक निळा फोन काढून आईसमोर धरला. पडद्यावर एक बाई आली. गुळगुळीत गाल, एक सुरकुती नाही, ओठ गुलाबी. आईने चष्मा वर केला. "ही कोण?"

फोनमधली चेहरा सुंदर करायची सोय चालू होती. दुकानदाराच्या मते हीच त्या फोनची खासियत. मी ती बंद करायला लावली, तेव्हा आई परत आली, पण ओठांच्या कडा पुसटच राहिल्या. निळा बाद.

दुसरा काळा होता. त्याला अंगठा लावला की उघडतो. आईने अंगठा लावला, उघडला नाही. पुसून लावला, नाही. दुसऱ्या हाताचा लावला, तरी नाही. पन्नास-साठ वर्षं नारळ खवून आणि चिंच कोळून तिच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच झिजून गेल्या आहेत. दुकानदाराच्या अंगठ्याने मात्र तो पहिल्या फटक्यात तयार झाला. "मग ह्याजच घरीं घेऊन जाऊं," आई म्हणाली. आम्हाला हसू फुटलं, दुकानदारही कारण न कळता आमच्याबरोबर हसला.

शेवटी मी माझी खरी परीक्षा घेतली. दोन फोन एकमेकांना जोडायला लावले, एक आईच्या हातात दिला, दुसरा घेऊन मी दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला, आवाज बंद करून. वर दुकानदाराला तिच्या डोक्यावरची ट्यूबलाइट मालवायला सांगितली, कारण आमच्या स्वयंपाकघरात उजेड तेवढाच असतो. मग आईला खूण केली, बोल. आई बोलत होती, मी पडद्यावर तिचे ओठ वाचायचा प्रयत्न करत होते, आणि दुकानातली सगळी गिऱ्हाइकं आम्हाला बघत होती. एक बाई आपल्या नवऱ्याला हळूच बाजूला घेऊन गेली. आई काय बोलली ते मला कळलं. ती म्हणत होती, घरी चल, लाज वाटते. म्हणजे हा फोन उत्तम. दिसायला अगदी साधा, मागे मिरवायला काही नाही, पण पुढचा कॅमेरा कमी उजेडातही चोख. तो घेतला.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. दहाच्या सुमाराला कडप्पा आणि डोशांचा नाश्ता उरकून मी तयारी केली. कडप्पा म्हणजे आमच्या गावचा मुगाच्या डाळीचा नि बटाट्याचा रस्सा, तो असला की आईचा मूड बरा असतो, हाही माझ्या योजनेचाच भाग. फोन डाळीच्या डब्याला टेकवला. आईला खिडकीकडे तोंड करून पाटावर बसवलं, म्हणजे उजेड ओठांवर पडेल. तिने लुगड्याचा पदर सारखा केला.

मामा आला. तोच भांग, अंगात इस्त्रीचा शर्ट. "अक्का!" तो ओरडला.

"एप्पडि इरुक्के?" आईने विचारलं. कसा आहेस?

"आमा, आमा."

"साप्टिया?" जेवलास का?

"सरि, सरि," मामा म्हणाला आणि तेच ओळखीचं, केविलवाणं हसला.

माझा धीर सुटला. मी उजेड वाढवला, डबा पुढे सरकवला, मागे सरकवला, खिडकीचं दुसरं दार उघडलं. आईला म्हटलं हनुवटी वर कर, जरा हळू बोल, तोंड मोठं उघड. मला तो फोन उचलून थेट त्या भल्या दुकानदाराच्या टेबलावर आपटावासा वाटत होता. आई तमिळमध्ये एकेक शब्द सुटा करून बोलत होती आणि मामा मान हलवत होता. मी तिचा खांदा धरून तिला आणखी पुढे करायला गेले, तेव्हा ती भडकली. नजर पडद्यावरच होती, पण बोलली मला.

"पुरे कर गे! चुलीवर दूध अहे, उतू जाईल. तें पाहा जा!"

बेंगळुरूहून आवाज आला. "अक्का, दूध उतू गेलें काय?"

आम्ही दोघी जागच्या जागी थांबलो. मामा हसत होता, पण हे हसणं वेगळं होतं, लहानपणी आईची खोडी काढून पळताना हसत असेल तसं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. फोनवर आम्ही तमिळच बोलतो. सगळेच. पूर्वी फोन रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात होता, आजूबाजूला दहा माणसं, म्हणजे ते बाहेर झालं आणि बाहेर तमिळ. पुढे फोन घरात आला, मग हातात आला, तरी तो आमच्या लेखी बाहेरच राहिला. मी शाळेतून आईला फोन करते, तोही तमिळमध्ये, आणि दार उघडून घरात पाऊल टाकलं की तेच वाक्य मराठीत पुरं करते. यात काही विचित्र आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. आणि मामाला ओठ वाचायला शिकवलं होतं मामीने, घरात, समोरासमोर बसून, मराठीत. आईची तमिळ कानावर पडली की मामी ती मराठी करूनच त्याला द्यायची. तमिळ ओठ वाचायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. कॅमेऱ्याचा बिचाऱ्याचा काडीचाही दोष नव्हता, माझ्या जुन्या फोनचासुद्धा.

मी ते आईला समजावू लागले, पण तिला माझ्याआधीच कळलं होतं. तिने मला हाताने बाजूला केलं आणि पडद्याजवळ वाकली.

"तुज ऐकूं येतें काय?" तिने मराठीत विचारलं.

"ऐकूं येत नाही गे अक्का," मामा म्हणाला. "दिसतें."

मामा पुढे म्हणाला की मामी गेल्यापासून फोनमध्ये कोण काय म्हणतं ते त्याला काहीच कळत नाही. पण फोन कोणाचा आहे ते नाव वाचून कळतं, आणि अक्काचा फोन न उचलणं त्याच्याने होत नाही. म्हणून तो उचलायचा, ती बोलत असेल तेवढा वेळ कानाशी धरून बसायचा, आणि मधूनमधून हो म्हणायचा, तिला वाईट वाटू नये म्हणून. मला रडू आलं. मी दूध बघायला म्हणून वळले, ते खरंच उतू गेलं होतं. शेगडी बंद केली आणि तिथेच उभी राहिले.

"माझ्या डोळ्याचें आपरेशन जाहलें," आई त्याला सांगत होती, सावकाश, एकेक शब्द ओठांवर आणून.

"आपरेशन?" मामाचा आवाज चिरला. "केव्हां गे? मज कां सांगितलें नाहीस, अक्का?"

मला वाटलं, आता ती मोजून दाखवणार, कधी सांगितलं, किती वेळा सांगितलं, आणि तो काय म्हणाला. माझी आई हिशेब सोडणारी बाई नव्हे.

"आतां सांगतें अहें न," ती म्हणाली, आणि अगदी पहिल्यापासून सांगायला बसली.