शस्त्रसंधीपर्यंतचा कलप

पाकिस्तानशी लढाई चालू होती तोवरच माझे केस काळे असणे धर्माला मान्य होते. लढाई संपली आणि माझे डोके नाजायज ठरले.

तसा निर्णय रीतसर देण्यात आला होता, आणि तो देणारे गृहस्थ माझे सख्खे मामू होते. हुसेनमामू मौलवी नव्हते. पुणे रस्त्यावरच्या जकात नाक्यावर कारकून म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. येणारी प्रत्येक गाडी थांबवायची, ताडपत्री उचलून आत काय आहे ते बघायचे आणि मान हलवायची, ही सवय निवृत्तीनंतर जाईना. मग त्यांनी एक जाडजूड उर्दू ग्रंथ मिळवला आणि गाड्यांऐवजी माणसांचे चेहरे थांबवायला सुरुवात केली. मुमानीने, म्हणजे मामीने, दोऱ्याने भुवया कोरल्या, नाजायज. चुलतबहिणीने लांब वेणीसाठी गंगावन जोडले, नाजायज. शेजारच्या पोराने पुढे झुलपे ठेवून मागून मशीन फिरवले, तेही नाजायज, कारण डोक्यावरचे केस ठेवायचे तर सगळे ठेवावेत, काढायचे तर सगळे काढावेत. सोन्याचा दात मात्र गरज असेल तर चालतो. (हे त्यांनी स्वतःचा बसवून घेतल्यावर शोधून काढले. त्यानंतर त्यांना हसण्याची गरज वारंवार पडू लागली.)

मी केडगावात अम्मीबरोबर राहत होतो, नगरच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो, आणि सत्ताविसाव्या वर्षीच माझे डोके पिंजलेल्या कापसासारखे पांढरे झाले होते. अब्बांचेही तसेच होते. त्यांनी मागे ठेवलेली हीच काय ती इस्टेट. त्यामुळे माझे लग्न जमत नव्हते. श्रीगोंद्याला मुलीच्या चुलत्यांनी मला मिठी मारली, मामूंच्या शेजारी मानाने बसवले आणि विचारले, "नवरदेव मागच्या गाडीनं येतोय व्हय?" राहात्याच्या मंडळींनी मुलगी द्यायला नकार दिला, पण तिच्या विधवा आत्याबद्दल विचारून पाहिले.

त्यातच पाथर्डीला एका लग्नात मी मंडपाच्या कोपऱ्यात पुस्तक वाचत उभा होतो, तर बायकांच्या पडद्याआडून आवाज आला, "अगं, त्या म्हाताऱ्या मास्तरांना कुनीतरी खुर्ची द्या की." खुर्ची आली. मी बसलो नाही. तरुण माणसे उभी असतात तसा उभा राहिलो आणि पायाला गोळे आले.

तर अशा वेळी माझ्या मावशीने, शरीफाखालाने, तिसगावचे स्थळ आणले. मुलगी रजिया, भुसार मालाच्या दुकानदाराची. खाला म्हणाली की पोरगी दिसायला चांगली आहे, स्वयंपाक बरा आहे, पण एक खोड आहे: तिसगावात होती तेवढी पुस्तके वाचून संपवली आणि आता पाथर्डीहून मागवते. खालाने हे खोड म्हणून सांगितले. मी मात्र त्या क्षणी ठरवून टाकले की लग्न करीन तर हिच्याशीच. मुलीचे वडील कासीमभाई मला बघायला डिसेंबरातल्या एका रविवारी येणार असे ठरले.

अम्मीचे म्हणणे साधे होते: केस काळे कर. मामूंचे म्हणणे त्याहून साधे होते: काळे नाजायज, मेंदी लाव. पण पांढऱ्यावर मेंदी लावली की रंग नारिंगी येतो, आणि नारिंगी डोक्याच्या माणसाला लोक नवरदेव समजत नाहीत, हाजीसाहेब समजून दुआ मागतात. मी मामूंना चार पुस्तकांचे दाखले दिले, नियमांमागचा उद्देश वगैरे समजावला. मामूंनी सगळे शांतपणे ऐकले आणि मान हलवली. ताडपत्रीखाली त्यांना काही सापडले होते.

तेवढ्यात लढाई सुरू झाली! नगर म्हणजे लष्कराचे गाव. रात्री दिवे बंद, काचांना काळे कागद. दुसऱ्याच दिवशी मामू ग्रंथ काखेत मारून घरी आले. त्यांना सवलत सापडली होती. लढणाऱ्या माणसाला काळा कलप चालतो, कारण शत्रूला तो तरुण दिसला पाहिजे.

"पण मी लढतोय कुठे?" मी विचारले.

"नाव दे. पंचायतीत ब्लॅकआऊटला माणसं घेतायत. दंडाला पट्टी बांधली की झालास तू शिपाई." (मामू हे दखनीत म्हणाले. त्यांचा रुबाब मराठीत निम्माच उतरतो, तेवढाच माझा फायदा.)

"मामू, ब्लॅकआऊटच्या अंधारात माझे काळे केस शत्रूला दिसणार कसे?"

मामूंनी ग्रंथ दुसऱ्या काखेत घेतला. "दिसणं न दिसणं हे शत्रूचं काम. आपलं काम काळं असणं."

यावर माझ्यासारख्या बुद्धिवादी माणसाने काय करावे? मी नाव दिले. नगरच्या बाजारातून कलपाची पुडी आणली आणि अम्मीने बशीत कालवून जुन्या दातांच्या ब्रशने माझ्या डोक्याला लावली. सकाळी वर्गात गेलो तर मुले नव्या मास्तरांसाठी उठतात तशी झटकन उठली. कपाळावर टोपीच्या कडेसारखी काळी रेघ उमटली होती ती वेगळीच.

मामू आमच्या तुकडीचे प्रमुख झाले. सरदार पांढरा आणि शिपाई काळा हे बरे दिसत नाही, म्हणून त्यांनीही आपली छातीपर्यंतची दाढी काळीभोर करून घेतली. मग आम्ही दोघे तरुण रोज संध्याकाळी शिट्ट्या फुंकत केडगावातून हिंडायचो. त्या संपूर्ण मोहिमेत शत्रूला मार्ग दाखवणारा एकच कंदील आम्हाला सापडला. तो मामूंच्या ओसरीवर होता. मुमानी त्याच्या उजेडात भुवया कोरत बसल्या होत्या.

आणि मग, रविवार तोंडावर आला असताना, गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर बातमी आली. ढाका पडले! केडगावात फटाके उडाले, पेढे वाटले गेले. मामूंनी पेढा खाल्ला, दुसरा घेतला, आणि तो तोंडाशी नेता नेता त्यांचा चेहरा उतरला. माझ्या डोक्याकडे बघत ते म्हणाले, "लढाई संपली."

काय ते मी लगेच ओळखले. वर्तमानपत्र रोज वाचण्याचा एक उपयोग असतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मामूंना गाठून सांगितले की संपली ती पूर्वेकडची. पश्चिमेकडे शस्त्रसंधी आज रात्री आठला आहे.

मामू अन्यायी नव्हते. "मग रात्री आठपर्यंत ठेव," ते म्हणाले.

मी गयावया केली. रविवारपर्यंतच तर प्रश्न होता, कासीमभाईंना कोण सांगायला जाणार होते? मामू म्हणाले, "मी सांगणार. पोरीच्या बापाला फसवून निकाह लावायचा? ते तर काळ्या कलपाहून वाईट." या एका मुद्द्यावर मामू बरोबर बोलत होते, हे लिहायला मला आजही जड जाते.

पण मामूंच्या लक्षात एक गोष्ट उशिरा आली: नाजायज दाढी त्यांच्याही हनुवटीला होती. आणि ती भादरायची सोय नव्हती, कारण दाढी काढणे हे आणखी वरच्या पायरीचे नाजायज. काळी ठेवता येत नाही, काढता येत नाही! ज्या नाक्यावर आयुष्यभर इतरांना अडवले तिथे आता मामू स्वतः उभे होते, आणि पावती फाडायला कुणी नव्हते. त्यांनी दाढी धुण्याच्या सोड्यात बुडवून ठेवली. काळे अर्धेमुर्धे निघाले. त्यावर मेंदी थापली. शनिवारी सकाळी मी पाहिले तर दाढीत मधे काळे पट्टे, कडेला गंजका तांबडा, टोकाला नारिंगी, आणि मिशीजवळ एक रंग असा की त्याला कुठल्याही भाषेत नाव नसावे.

ती दाढी पाहून मी सोडा-मेंदीचा विचार सोडला आणि थेट गणपत न्हाव्याकडे जाऊन बसलो. सगळे डोके भादरायला मामूंची हरकत नव्हती. गणपतने मात्र वस्तरा हातात घेऊन हळू आवाजात विचारले, "कोन गेलं, मास्तर?"

"कुणी नाही," मी म्हणालो. त्याला वाटले, दुःखाने माझ्याच्याने बोलवत नाही. त्याने अतिशय हळुवारपणे गोटा केला. मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती; आळीतल्या दोन बायका अम्मीचा हात धरून बसल्या होत्या आणि अम्मी जिवंत माणसांची यादी सांगून त्यांना परत पाठवत होती.

रविवारी कासीमभाई आले. उंच, सडसडीत माणूस, डोळे धान्य पारखणाऱ्याचे. मी कानांपर्यंत टोपी ओढून बसलो होतो. मामूंनी नाकापासून गळ्यापर्यंत मफलर गुंडाळला होता आणि दाढदुखीचे निमित्त सांगितले होते. झाकलेल्या त्या दोन माणसांकडे कासीमभाई आळीपाळीने बघत राहिले. पाऊसपाणी झाले, ज्वारीचा भाव झाला. मग अम्मीने चहा पाठवला.

आता नाकावर मफलर ठेवून चहा पिता येत नाही, आणि पाहुण्यासमोर चहा नाकारता येत नाही. मामूंनी मफलर एका बोटाने जेमतेम खाली केला, पण तो लोकरीचा आणि दाढीला मेंदी. दोन्ही एकमेकांत अडकले होते. एक झटका बसला आणि सगळी दाढी बाहेर आली.

कासीमभाईंनी कप खाली ठेवला. "मामूसाहेब, दाढीला काय झालं?"

"युद्धात," मामू म्हणाले.

कासीमभाई माझ्याकडे वळले. "मास्तर, टोपी काढता का जरा?"

मी काढली. खिडकीतून ऊन थेट माझ्या डोक्यावर पडले. कासीमभाईंनी ते बघितले, मग सावकाश उठून उभे राहिले.

"ह्यो त्यो न्हाई," ते म्हणाले.

मामूंनी विचारले, म्हणजे काय?

"म्हंजे आमच्या रजियानं पांढऱ्या केसाचा मास्तर सांगितला हुता. पाथर्डीला लग्नात पाहिला तिनं. समदी पोरं बँडम्होरं नाचत हुती आन् ह्यो एकटा पुस्तक वाचत हुता. तिनं आईला सांगितलं, आईनं मला. म्या पांढऱ्या केसाचा बघायला आलो. तुमी मला टकलू दावताय. थोरला दावून धाकटा देताय का धाकटा दावून थोरला, तुमचं तुमाला ठाऊक."

मी सांगितले, तो मीच. आतून अम्मीने कुराणाची शपथ घेतली. मामूंनी ग्रंथ आणला. पण त्या दाढीच्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? मी आयुष्यभर जे लपवायला बघत होतो तेच माझे ओळखपत्र होते, आणि ते गणपतच्या दुकानात केरसुणीने गोळा झाले होते. (तेही काळे!)

मी काकुळतीला येऊन म्हणालो, "कासीमभाई, मुळात पांढरेच आहेत. उगवले की दिसतील."

भुसारवाल्याला हे पटले. त्यांनी पुढे वाकून माझ्या डोक्याची जमीन बघितली. "ठीक हाय," ते म्हणाले, "उगवन बघाया परत येतो. पांढरं आलं तर पोरगी तुमची. काळं आलं तर सलाम आलैकुम."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. जगात कुणी पांढऱ्या केसांसाठी दुआ मागितली असेल असे वाटत नाही, मी मागितली. अम्मी रोज अंगणात बसवून डोके तपासायची. एकदा ढगाळ उजेडात तिला दोन काळे दिसले, तर तिने जेवण सोडले. मामूही येऊन बघून जायचे. पांढरे उगवण्यावर ग्रंथाचा काही आक्षेप नाही, एवढा दिलासा त्यांनी दिला.

नव्या वर्षात कासीमभाई पुन्हा आले. त्यांनी मला अंगणात उन्हात बसवले, टोपी काढली आणि ज्वारीच्या कोंबांवरून हात फिरवावा तसा माझ्या डोक्यावरून उलटा तळवा फिरवला. आळी गोळा झाली होती. गणपत वस्तरा खिशात ठेवून कुंपणाला टेकला होता.

"पांढरं हाय," कासीमभाई म्हणाले. "एकसारखं आलंय. लई झ्याक."

निकाह तिसगावात झाला. मामूंनी त्या प्रसंगी नवरदेवाच्या सेहऱ्यावर काहीतरी मत दिले, पण दाढी अजून तिरंगी असल्याने कुणी मनावर घेतले नाही.

पहिल्यांदा आम्ही दोघेच खोलीत उरलो तेव्हा मी बोलायचे वाक्य पाठ करून गेलो होतो. त्यात चार पुस्तकांचे उल्लेख होते. रजियाने ओढणी थोडी मागे सारली, माझ्या खुंटांकडे नीट बघितले आणि हळूच विचारले, "त्या दिवशी पाथर्डीला खुर्ची पोचली हुती ना? मी सांगून पाठवलं, पन तुमी बसला न्हाई."

तो पडद्याआडचा आवाज! मी पाठ केलेले सगळे विसरलो. कोपऱ्यात एक खुर्ची होती. रजियाने ती पुढे ओढली, ओढणीच्या टोकाने पुसली आणि म्हणाली, "आता तरी बसा. या वयात उभं ऱ्हाऊ नये."

मी बसलो. अजून उठलेलो नाही.